जिवंतांचं तबक

सोमवार, ४ ऑगस्ट १९८६

पोचलो बाई एकदाचे. लारिसाहून पहाटे निघालो, तीन बस बदलल्या आणि संध्याकाळी पाचला समुद्रकाठच्या आवलाकी गावात उतरलो. शेवटचे दोन तास रस्ता पाण्याला इतका खेटून की खिडकीतून हात काढला असता तर ओला झाला असता. नात म्हणाली, आजी, आपण बोटीतूनच चाललोय. बसमधले सगळे हसले. तिच्या बोलण्याला लोक हसतातच, मी काही आजी म्हणून सांगत नाही.

ही वही तिचीच. शाळेची, मागची पानं कोरी राहिलेली. तिचा हुकूम आहे की सुट्टीत रोज काय केलं ते मी लिहायचं आणि चुका तिने तपासायच्या. मी शाळेत दोनच वर्षं गेले. मग लढाई आली, लढाईनंतर शेळ्या आल्या, शेळ्यांनंतर नवरा. लिहायचं राहूनच गेलं. आता आठ वर्षांची बाई मला शिकवते आणि पेन नीट धर म्हणून बोटावर टिचकी मारते.

तिचं नाव माझंच. गारुफालिया, म्हणजे लवंग. आमच्याकडे पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव द्यायचं हे ठरलेलंच असतं, पण सूनबाई रानियाला काहीतरी सिनेमातलं हवं होतं. मी तीन दिवस जेवले नाही. माझा अस्तेरिस साखर कारखान्यात भट्टीवर असतो, उष्णता त्याला सोसते, पण आई जेवत नाही हे सोसलं नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्यात पोरीला बुडवताना पाद्रीबुवांनी नाव घेतलं तेव्हा रानियाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. ती पोरीला लिया म्हणते. मी म्हणत नाही. मी पाचही अक्षरं तोंडभरून घेते.

रानियाला पुन्हा दिवस आहेत आणि डॉक्टरांनी दहा दिवस पडून राहायला सांगितलंय, म्हणून पोरीला घेऊन मी आले. अस्तेरिस आणि ती गुरुवारी चौदा तारखेच्या बसने येणार, म्हणजे पंधराचा मरियामाईचा सण सगळे मिळून. मी जन्मभर मैदानातली. समुद्र याआधी दोनदा पाहिला, त्यातला एकदा पावसात.

खोली छान आहे. दोन खाटा, बाहेर गच्ची, गच्चीवर द्राक्षाचा वेल, आणि तिथून एकोणीस पायऱ्या थेट पाण्यात. घरमालकीण विधवा आहे, सगळे तिला मोरफो म्हणतात. मोरफो म्हणजे देखणी. देखणी कसली, वाळत घातलेल्या ऑक्टोपससारखी आहे, पण बाई स्वच्छ. दाराशी खिळ्याला एक पत्र्याची ताटली टांगलीय, दोरीला चमचा बांधलेला. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, बोलवायला.

मंगळवार, ५ ऑगस्ट

आज दिवसभर पाण्यावर. मी काळा झगा घालून, गुडघ्यापर्यंत. त्याच्या वर पाणी आलं की माझा जीव घाबरा होतो. पोरगी मात्र बेडकी. दिसली, नाहीशी झाली, पुन्हा दिसली.

सणापर्यंत उपासाचे दिवस, तेव्हा चीज नाही, अंडं नाही. टोमॅटो, पाव, ऑलिव्ह, कलिंगड. ऑक्टोपस चालतो, त्याला कुठे रक्त असतं. मी चादरीवर सगळं मांडलं आणि उभं राहून हाक दिली. माझा आवाज लारिसात तीन गल्ल्या ऐकू जातो. गारुफालिया, ये गं, जेवायला ये, गार होतंय. टोमॅटो काय गार व्हायचेत, पण सवयीने तोंडातून जातं. शेवटी ऑलिव्हची बी घशात गेली आणि मी ठसका लागून लागून लाल झाले. खो खो खो, मग एक लांब श्वास, मग पुन्हा खो. पोरगी हसून हसून बुडायची बाकी.

पण बाकी कोणी हसलं नाही. बेकरीवाल्याच्या बायकोने आपली तिन्ही पोरं हाताला धरून पाण्याबाहेर ओढली. एका म्हातारीने माझ्याकडे बघत छातीवर क्रूस काढला. मला वाटलं, माझा झगा फाटलाय की काय.

मोरफो पायऱ्या उतरून आली, मला दंडाला धरून घरात नेलं. म्हणाली, इथे पाण्यापाशी कोणी नाव घेऊन हाक मारत नाही, ताटली वाजवतात. प्रत्येक घराची वेगळी. बेकरीवाल्यांची दोन ठोके, कॉफीवाल्याची चार, असं. मी म्हटलं, म्हणजे आमच्या शेळ्यांसारखंच की. ती हसली नाही. या लोकांना हसायचं वावडं दिसतं.

संध्याकाळी मात्र गोड वागली. अंजिरं आणून दिली. पोरीचं बाप्तिस्म्याचं नाव नेमकं काय, म्हणून कानाशी येऊन विचारलं. मी सांगितलं. रुमाल-बिमाल भरून देणार असेल.

बुधवार, ६ ऑगस्ट

आज प्रभूच्या रूपांतराचा सण, उपासात आज मासा चालतो. मोरफोने लाल मासे तळले, पोरीने चार खाल्ले, मी मोजले नाहीत असं तिला वाटतं.

सकाळी देवळात गेलो. पाण्याच्या अगदी काठावर, खोलीएवढंच, चुन्याने पांढरं केलेलं. दार समुद्राकडे. आमच्या लारिसात दार गावाकडे असतं आणि समोर भाड्याची गाडी उभी असते. आत सगळीकडे असतात तशी दोन तबकं, एक जिवंतांचं, एक मेलेल्यांचं. लोक चिठ्ठीवर नावं लिहून टाकतात, पाद्रीबुवा वाचतात. यांच्या मेलेल्यांच्या तबकात चिठ्ठ्या उतू चालल्यात आणि जिवंतांच्या तबकात एक कोळी. जाळं विणून बसलाय सावकाराच्या थाटात. मला वाईट वाटलं. गेलेल्यांची आठवण ठेवावी, पण घरातल्यांनी काय पाप केलं?

इथे कोणी कोणाला नावाने हाक मारताना ऐकलं नाही. काळी, लंगडा, थोरली, खारवट. कॉफीवाल्याला खरं नाव विचारलं तर म्हणाला, आजीबाई, ते मलाच आठवत नाही, बायको मेल्यापासून कोणी घेतलं नाही. थट्टा करत असावा.

पोरगी पाण्यावर उताणी पडायला शिकली. हात पसरून, डोळे मिटून. मला बघवेना आणि नजरही काढवेना.

गुरुवार, ७ ऑगस्ट

आज पाणी तेलासारखं. बारा वाजले की गावात दारं-खिडक्या लागतात, तीनपर्यंत कोणी पाण्यात नाही. मांजरंसुद्धा आत येतात. मी म्हटलं, ऊन आहे, बरोबर आहे. पण घरात नुसती गारवा घेत पडत नाहीत ही माणसं, कडी लावून बसतात.

रानियाला फोन केला कॉफीच्या दुकानातून. पोट बरं आहे. तिने विचारलं, लिया काय करते. मी म्हटलं, लिया कोण ते मला ठाऊक नाही, गारुफालिया मजेत आहे. ती हसली. सून तशी वाईट नाही.

(आजी, मैदानातली याची वेलांटी दुसरी. तपासलं. गा. लिया.)

शनिवार, ९ ऑगस्ट

अक्षर आज असं वाकडं. रागाने.

आज सकाळी मेलेल्यांसाठी प्रार्थना होती. पाद्रीबुवा शेजारच्या गावचे, तरुण, मोटारसायकलवर येतात, यंदाच नेमलेत. चांगला गळा आहे. नावं वाचत गेले, वाचत गेले, शंभर तरी असतील, मला उभ्याने झोप यायला लागली, आणि शेवटचं नाव वाचलं, गारुफालिया.

आधी वाटलं असेल यांची कोणी. मग तबकात पाहिलं. वरचीच चिठ्ठी, मोरफोच्या स्वयंपाकघरातल्या निळ्या पेन्सिलीने, कॉफीच्या पुड्याच्या मागे लिहिलेली. एकच नाव.

जिवंत पोरीचं नाव मेलेल्यांत. आमच्या गावात एका बाईने भावजयीचं असं केलं होतं, तर तिला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. मी चिठ्ठी मुठीत धरून मोरफोच्या अंगणात गेले आणि जे जे तोंडाला आलं ते बोलले. सटवी म्हटलं, काळतोंडी म्हटलं. ती बसून शेंगा सोलत होती. ऐकून घेतलं. मग इतकंच म्हणाली,

“तिच्या भल्यासाठी घातलंय, बाई. राहू दे तिथेच. या गावातल्या प्रत्येक पोराचं नाव त्याच तबकात आहे. माझंसुद्धा.”

मी म्हटलं, तू खुशाल मर. चिठ्ठी तिच्याच चुलीत टाकली. ती उठली, पण तोवर कागद पेटला होता. खाली बसली आणि शेंगा सोलायच्या सोडून हात नुसते मांडीवर ठेवले.

खोली बदलणार होते. पण दुसरी नाही, आणि सणाच्या आठवड्यात बस गुरुवारीच.

रविवार, १० ऑगस्ट

आज मन शांत झालं. चूक होती ती दुरुस्त केली.

संध्याकाळी मरियामाईची विनवणी असते, सणापर्यंत रोज, त्यात जिवंतांची नावं वाचतात. मी लवकर गेले, झग्याच्या टोकाने कोळ्याचं घर पुसलं, तबक घासून लखलखीत केलं. स्वच्छ कागद, ठळक अक्षर. पोरीने डोक्यावर उभं राहून लिहून घेतलं. पहिल्यांदा मी एकदाच लिहिलं होतं. ती म्हणाली, आजी, तुझं? खरंच की. मग खाली पुन्हा लिहिलं. गारुफालिया, गारुफालिया. एक जुनी, एक नवी.

पाद्रीबुवांना किती आनंद झाला. म्हणाले, जूनपासून येतोय, पण या गावाने मला एक जिवंत माणूस दिलं नव्हतं. दार उघडं होतं, उकडत होतं ना. त्यांनी मोठ्याने, सूर लावून वाचलं, दोनदा, समुद्राकडे तोंड करून. मी मागे पाहिलं तर देऊळ रिकामं. सगळ्या बायका निघून गेल्या होत्या, मेणबत्त्या तशाच.

बाहेर आलो तर लाट नाही. म्हणजे तेलासारखं वगैरे नाही, खडकाला पाणी लागल्याचा चुबुकसुद्धा नाही. कोणीतरी ऐकण्यासाठी श्वास धरावा तसं. पोरगी म्हणाली, आजी, समुद्र बंद पडला.

सोमवार, ११ ऑगस्ट

दुपारी जेवून आडवे झालो. मला डुलकी लागली. जागी झाले तर पोरगी खाटेच्या कडेला बसलेली, पाय गुडघ्यापर्यंत ओले.

मी रागावले. न विचारता का गेलीस म्हटलं. ती रडकुंडीला आली. म्हणाली, तूच बोलावलंस की. पायऱ्यांखालून. मी आले तर तू नव्हतीस.

स्वप्न पडलं असेल तिला. उन्हाने होतं.

मोरफोने ऐकलं असावं, भिंत पातळ आहे. दारात आली, पोरीच्या ओल्या पायांकडे पाहिलं, आणि जमिनीवर बसून ते पाय आपल्या झग्याने पुसायला लागली. पुसतेय, पुसतेय.

ही वही आता मी उशीखाली ठेवणार. तपासायला देणार नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

आज मी झोपले नाही. डोळे मिटून पडले होते.

साडेबाराला हाक आली. पाण्याकडून. गारुफालिया, ये गं, जेवायला ये, गार होतंय.

माझा आवाज. माझा. आणि शेवटी ठसका. खो खो खो, मग लांब श्वास, मग पुन्हा खो.

मी खाटेवर होते, तोंड बंद होतं. हात तोंडावर ठेवून पाहिला.

पोरगी उठून निघालीसुद्धा. हसत होती, आले आले म्हणत. मी दारात पकडली तर हातातून निसटली, उन्हात कोरडी असून अंग मासोळीसारखं. अकराव्या पायरीवर केसांना धरलं. पाणी आज चार पायऱ्या वर होतं. वारा नाही, भरती नाही.

मोरफोने मग सांगितलं. चुलीपाशी, दार लावून, कानात.

पाण्यात जे आहे, त्याला नावंच कळतात. माणसं नाही कळत. नाव ऐकलं की ते त्या नावाने बोलावतं, दुपारी, आणि ज्याने घेतलं त्याच्याच आवाजात. म्हणून इथले लोक पोरांची नावं मेलेल्यांच्या तबकात घालतात. गेलेल्याला कोण बोलावणार? तू ओरडलीस तेव्हा मी त्याला तसंच सांगितलं होतं, ती म्हणाली, की ही गेली आहे, विसर. तू देवळातून ओरडून सांगितलंस की आहे.

मी म्हटलं, परत घालू. हवं तर शंभर चिठ्ठ्या. ती म्हणाली, आता खोटं चालणार नाही. त्याने तिचे पाय पाहिलेत.

कॉफीवाल्याकडे तीनचाकी आहे. त्याच्या पाया पडले. तो म्हणाला, आजीबाई, रस्ता सगळा पाण्याच्या काठाने. मागे एकदा एकाला नेलं होतं. शहरात पोचलो तेव्हा मागची सीट ओली होती, आणि कोणी नव्हतं. डोंगरावर जाऊ का विचारलं, तर म्हणाला, वर गेलात तर दोन्ही बाजूंना समुद्र, दोन्हीकडून ऐकू येईल.

अस्तेरिसला फोन लावला. सगळं सांगता येईना, दुकानात माणसं होती. आत्ता ये म्हटलं. तो हसला. आई, ऊन लागलंय तुला, गुरुवारी चारला येतोच आहोत.

गुरुवारी चारला. म्हणजे अजून दोन दुपारी.

बुधवार, १३ ऑगस्ट

सकाळी पोरीला समोर बसवलं. सांगितलं, माझा आवाज आला तरी यायचं नाही. मी रडले तरी नाही, नाव घेतलं तरी नाही. तिने विचारलं, मग तू खरंच बोलावलंस तर मला कसं कळणार? शहाणी आहे.

मग ताटली ठरवली. आमच्या घराची. तीन आणि दोन. ठण ठण ठण, ठण ठण. ती वाजली तरच आजी. गच्चीवर बसून दहा वेळा घोकलं. तिला खेळ वाटला. मीही हसले, देवा, मी हसले.

गच्चीवर. पाण्याच्या वर.

दुपारी कडी, कडीला खुर्ची, खुर्चीवर मी. मोरफो, बेकरीवाल्याची बायको आणि दोघी जणी पोरीला धरून. हाक आली. खिडकीच्या खालीच आली आता. ठसक्यासकट. पोरीने कान झाकून घेतले, मी सांगितलं होतं तसं, पण पाय निघाले. पाय तिचं ऐकत नाहीत. चौघी घसरत गेल्या फरशीवर. बेकरीवालीचं मनगट सुजलं.

तीनला थांबलं. दाराच्या फटीतून पाणी आलं होतं. एकोणीस पायऱ्या चढून.

मी मोरफोला विचारलं, उद्या धरून ठेवू ना आपण? ती उठली. मग ट्रंकेतून एक बाही काढली. लहान मुलीच्या झग्याची, एकच, खांद्यापासून फाटलेली. म्हणाली,

“मी पण धरलं होतं. चौथ्या दुपारी.”

उद्या चौथी.

पोरगी झोपली आहे, तोंड उघडं, माझ्यासारखी. माझं नाव. मी उपाशी राहून दिलेलं. रानिया लिया म्हणत होती ना. लिया म्हणून हाक मारली असती तर—

त्याला नावच कळतं. माणूस कळत नाही.

त्या नावाच्या आम्ही दोघी आहोत.

गुरुवार, १४ ऑगस्ट

सकाळ. पोरीची वेणी घातली, घट्ट. तिला अंजिरं दिली. मोरफोला सांगितलं. तिने नको म्हटलं नाही. पोरीला ती मधल्या खोलीत घेऊन बसणार. मी बाहेर जाऊन येते म्हटलं. पोरगी म्हणाली, लवकर ये, बस चारला आहे.

देवळात जाऊन आले. मेलेल्यांच्या तबकात चिठ्ठी टाकली. माझ्या हाताने. आज ती खोटी नाही.

अकरा चाळीस

खालच्या खडकावर बसले आहे, वही घेऊन. पाणी पायाला लागतंय. कोमट आहे. ताटली काढून सोबत आणली आहे, चमच्यासकट, म्हणजे वर कोणी चुकून वाजवायला नको.

अस्तेरिस, ही वही रानियाला दे. रानिया, पोरीला लियाच म्हण. दुसरी झाली तर तुला हवं ते ठेव. सिनेमातलं ठेव. माझ्या तोंडून गेलेली सगळी बोलणी माफ कर. काळी पेटी पलंगाखाली आहे, त्यात तिच्यासाठी दोन चादरी भरल्या आहेत, लवंगेची फुलं काढून. ती उसवली तरी चालतील.

भीती वाटते. गुडघ्याच्या वर पाणी आलं की मला—

बारा

आलं. अगदी समोरून. गारुफालिया, ये गं—

मी म्हटलं, आले. मोठ्याने म्हटलं. मीच ती, म्हटलं. दुसरी कोणी नाही.

थांबलं. ठसका आला नाही. लाट नाही. पाणी कमरेला आलंय, वही डोक्यावर धरून लिह—

खूश झालं वाटतं. बरं झालं. वर दार बंद दिसतंय. बरं झालं बा—

ठण ठण ठण. ठण ठण.

ताटली माझ्या काखेत आहे. मी वाजवत नाही.

पाण्यातून येतंय. तीन आणि दोन.

चिठ्ठीवर नाव दोनदा होतं. दोनदा वाचलं त्यांनी. त्याला ठाऊक आहे की दो—

वरचं दार उघडलं. मोरफो ओरडतेय. वेणी दिसतेय, पहिल्या पायरीवर, हसतेय, तिला वाटतंय मी—

थांब म्हणून ओरडू तर माझाच आवा—